फ्लाइट सिम्युलेटरसाठी पीसी असेंबल करताय? मग पैसे कुठे घालायचे ते आधी बघा

नवीन गेमिंग पीसी असेंबल करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी ग्राफिक्स कार्ड ठरवतात आणि उरलेल्या पैशात बाकीचं सगळं बसवतात. नेहमीच्या गेम्ससाठी हे चालून जातं, बऱ्याचदा बरोबरही असतं. पण ज्यांना त्याच पीसीवर फ्लाइट सिम्युलेटर पण चालवायचाय, म्हणजे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४, एक्स-प्लेन १२ किंवा लढाऊ विमानांचा डीसीएस, त्यांनी हाच क्रम धरला तर पैसे चुकीच्या जागी जातात. कार्ड भारीतलं, प्रोसेसर दुकानदाराकडे जो पडून होता तो, आणि मग लंडनच्या हीथ्रोला एअरबस घेऊन उतरताना चित्र अडकत अडकत चालतं, रिझोल्यूशन खाली आणा, सावल्या बंद करा, काही फरक पडत नाही. हे असं का होतं ते एकदा नीट कळलं की कुठला पार्ट घ्यायचा हे तुमचं तुम्हालाच ठरवता येतं, म्हणून आधी थोडं 'का' आणि मग पार्ट्स.

स्क्रीनवर सेकंदाला ६० चित्रं दाखवायची असतील तर एक चित्र तयार करायला पीसीला फक्त १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० चित्रं हवी असतील तर ३३ मिलिसेकंद. एवढ्या वेळात आधी प्रोसेसरने हिशोब करायचा की विमान आता कुठे आहे, हवा कशी वाहतेय, इंजिन आणि हायड्रॉलिक्स काय करतायत, आसपासची बाकीची विमानं कुठे पोचली, खाली जमिनीवर नक्की काय काय दिसलं पाहिजे, आणि मग तो ग्राफिक्स कार्डला सांगतो की हे हे काढ. कार्ड ते रंगवतं. बहुतेक गेम्समध्ये रंगवण्याचं काम जड असतं आणि हिशोब त्यामानाने हलका. सिम्युलेटरमध्ये हिशोबच प्रचंड असतो, आणि त्यातला मोठा भाग एकामागोमाग एकच करावा लागतो, कारण पुढच्या पायरीला मागच्याचं उत्तर लागतं. हे सगळं ज्या एका धाग्यावर चालतं त्याला मेन थ्रेड म्हणतात. प्रोसेसरला १६ कोअर, म्हणजे हिशोब करणारे स्वतंत्र भाग, असोत नाहीतर २४, मेन थ्रेड एका वेळी एकाच कोअरवर बसतो, बाकीचे कोअर सीनरी लोड करणं, टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवायची चित्रं, उलगडणं अशी कामं करतात, ती कामं गरजेची आहेतच पण मेन थ्रेड अडला की सगळं अडतं.

हे खरं आहे का ते स्वतः बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये डेव्हलपर मोड चालू करून एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघतायत त्याचा, चौकोन उघडा. तिथे सरळ लिहून येतं की आत्ता अडतंय कशामुळे, मेन थ्रेडमुळे की जीपीयूमुळे, म्हणजे ग्राफिक्स कार्डमुळे. कोणाकडे हे सिम असेल तर नवीन पीसी घेण्याआधी अर्धा तास त्याच्याकडे बसून हे बघून या. गावाबाहेर सेसना उडवताना वेगळं दिसेल आणि न्यूयॉर्कला जेएफकेवर भरपूर ट्रॅफिक लावून एअरबसमध्ये बसल्यावर वेगळं. मोठा विमानतळ आणि सगळ्या सिस्टीम्स खऱ्यासारख्या चालणारं ॲडऑन, म्हणजे सिममध्ये वेगळं घेऊन टाकलेलं, विमान एकत्र आलं की जवळजवळ नेहमी मेन थ्रेडच लाल होतो.

मग मेन थ्रेड पळवायचा कसा? गिगाहर्ट्झ जास्त असले की मदत होतेच, पण त्याहून जास्त फरक पडतो कॅशेचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण वेगवान मेमरीचा. हिशोब करताना प्रोसेसरला सतत इकडची तिकडची माहिती लागते, आणि सिमची माहिती मेमरीत फार विखुरलेली असते. ती प्रोसेसरच्या आतल्या एल३ कॅशेत असेल तर साधारण १० नॅनोसेकंदात मिळते, नसेल तर रॅमपर्यंत जावं लागतं आणि त्याला त्याच्या सहा-सात पट वेळ जातो. मसाल्याचा डबा ओट्यावर हाताशी असणं आणि प्रत्येक फोडणीला कोठीच्या खोलीत जाऊन बरणी शोधणं, एवढा हा फरक आहे, आणि इथे फोडण्या सेकंदाला कोट्यवधी. एएमडीने ज्या प्रोसेसरच्या नावात एक्स३डी लावलंय त्यांच्यात नेमकं हेच केलंय, प्रोसेसरच्या चिपला जास्तीच्या कॅशेची आणखी एक चिप एकावर एक अशी चिकटवलीये, त्यामुळे एरवी ३२ एमबी असणारी एल३ कॅशे थेट ९६ एमबी होते.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की सिमसाठी पीसी बनवताय तर पहिला पैसा एक्स३डी प्रोसेसरवर. आत्ता नवीन घ्यायचा तर रायझन ७ ९८००एक्स३डी, हा नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, ८ कोअर, आणि यात कॅशेची चिप खालच्या बाजूला गेल्यामुळे वरचे कोअर चांगले थंड राहतात आणि जास्त वेगात पळतात. बजेट थोडं कमी असेल तर त्याच्या आधीचा ७८००एक्स३डी, २०२३ चा, अजूनही सिममध्ये उत्तम आहे, चांगल्या भावात मिळाला तर डोळे झाकून घ्या. आणि ज्यांच्याकडे आधीपासून एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) जुना रायझन पीसी आहे त्यांनी नवीन पीसीचा विचार करायच्या आधी ५८००एक्स३डी कुठे मिळतो का ते बघावं, बायोस, म्हणजे मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अपडेट करायचा, प्रोसेसर बदलायचा, मदरबोर्ड तोच, रॅम तीच, आणि सिममध्ये मात्र जमीन-अस्मानाचा फरक. नवीन मिळणं आता अवघड झालंय पण सेकंडहँडमध्ये शोधण्यासारखा तो नक्कीच आहे.

१६ कोअरचा ९९५०एक्स३डी घेऊ का असं खूप जण विचारतात. व्हिडिओ एडिटिंग, रेंडरिंग असलं काही करणार असाल तर घ्या. नुसत्या गेम्स आणि सिमसाठी नको, कारण त्यात आठ-आठ कोअरचे दोन गठ्ठे असतात आणि जास्तीची कॅशे त्यातल्या एकालाच असते, गेम बरोबर त्याच गठ्ठ्यावर चालवायची जबाबदारी विंडोज आणि ड्रायव्हरवर येते, ते बहुतेक वेळा जमतं पण ८ कोअरच्या प्रोसेसरमध्ये हा प्रश्नच येत नाही. वाचलेले पैसे पुढे फार कामाला येतात.

इंटेलचं काय? १३व्या आणि १४व्या पिढीतले वरचे प्रोसेसर सिमला वेगवान होते, पण त्यांच्यात व्होल्टेजचा घोळ निघाला, काही प्रोसेसर हळूहळू खराब होऊन गेम्स क्रॅश व्हायला लागले, २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोडचे अपडेट काढले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेटने पुढचं नुकसान थांबतं, आधीच झालेलं भरून येत नाही. त्यामुळे सेकंडहँड आय७ किंवा आय९ १३व्या-१४व्या पिढीतला कोणी स्वस्तात देत असेल तर तो आधीचे महिने जुन्या बायोसवर चालला की नव्या हे कळायला मार्ग नसतो, मी तरी घेणार नाही. त्यानंतरचे कोअर अल्ट्रा २०० वाले प्रोसेसर वीज कमी खातात, पण सिममध्ये एक्स३डीच्या मागे राहतात.

आणि बजेट खरंच टाईट असेल तर? रायझन ५ ७६०० सारखा साधा एएम५ प्रोसेसर घ्या आणि मदरबोर्ड बरा घ्या. एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे दोन वर्षांनी त्याच बोर्डावर एक्स३डी बसवता येतो. हा रस्ता मला विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात शहाणा वाटतो.

आता ग्राफिक्स कार्ड. पण त्याच्याही आधी स्क्रीन ठरवा, कारण कार्डचं काम स्क्रीनच्या पिक्सेलवर ठरतं. १०८०पी म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३७ लाख, ३४ इंची अल्ट्रावाइड ३४४० बाय १४४० म्हणजे ५० लाखाच्या आसपास, आणि ४के म्हणजे ८३ लाख. डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट तर आणखी वरचं प्रकरण, मेटा क्वेस्ट ३ चे दोन्ही डोळ्यांचे पिक्सेल मिळून ९१ लाख होतात, त्यात क्वेस्टला डिस्प्लेपोर्ट नाही, चित्र व्हिडिओसारखं दाबून पाठवावं लागतं आणि ते कामही कार्डच करतं. सिममध्ये मॉनिटर मोठा असण्याचा खूप फायदा होतो, कॉकपिटमधले बारीक आकडे वाचायचे असतात, लांबून धावपट्टी शोधायची असते. माझ्या मते २७ इंची १४४०पी हा किमान, ३४ इंची अल्ट्रावाइड हा सगळ्यात सुखाचा, आणि ४के त्यांनीच घ्यावा ज्यांचं कार्डवर मोठा खर्च करायचं पक्कं ठरलंय. मॉनिटरला फ्रीसिंक किंवा जीसिंक पाहिजेच, सिममध्ये एफपीएस एका जागी राहत नाही आणि मॉनिटर त्याच्याबरोबर आपला वेग बदलत गेला की ४५ एफपीएस सुद्धा एकदम गुळगुळीत वाटतात.

कार्ड निवडताना बहुतेक लोक एफपीएसचे तक्ते बघतात, सिमवाल्याने त्याआधी व्हीरॅम, म्हणजे कार्डची स्वतःची मेमरी, बघायची. विमानाच्या आतलं-बाहेरचं टेक्स्चर, विमानतळाची सीनरी, शहर, ढग, सगळं कार्डच्या मेमरीत मावावं लागतं. नाही मावलं की जास्तीचं साध्या रॅममध्ये जातं आणि तिथून ते पीसीआय-एक्स्प्रेसच्या रस्त्याने ये-जा करतं. आरटीएक्स ५०७० टीआय या कार्डची स्वतःची मेमरी सेकंदाला ८९६ जीबी माहिती पुरवते, आणि मदरबोर्डवरचा चौथ्या पिढीचा सोळा लेनचा स्लॉट एका दिशेने फार तर ३२ जीबी. म्हणजे व्हीरॅम भरली की कार्ड कितीही वेगवान असो, चित्र गचके खायला लागतं, आणि गंमत म्हणजे हे उड्डाणाच्या सुरुवातीला होत नाही, दोन तासांनी मोठ्या विमानतळाजवळ पोचल्यावर, नेमकं उतरायच्या वेळी होतं. मायक्रोसॉफ्टने स्वतः २०२४ च्या सिमसाठी व्हीरॅम किमान ४ जीबी, शिफारस ८ आणि आदर्श १२ अशी सांगितलीये, पण ॲडऑन विमानं आणि ॲडऑन विमानतळ धरले तर १२ हा माझ्यासाठी तळ आहे आणि १६ घ्यावी.

त्यामुळे आरटीएक्स ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी घ्यायचं असेल तर १६ जीबीचं घ्या, दोन्ही कार्डं ८ जीबीत पण मिळतात, नाव तेच, खोका तसाच, बिलावर आणि खोक्यावर आकडा वाचून मगच पैसे द्या. ८ जीबीचं कार्ड इतर गेम्सना १०८०पीवर चालेल, सिमसाठी ते पैसे वाया आहेत. १४४०पी आणि अल्ट्रावाइडसाठी आरएक्स ९०७० एक्सटी किंवा आरटीएक्स ५०७० टीआय, दोन्ही १६ जीबी, इथे बहुतेकांनी थांबावं असं मला मनापासून वाटतं. ४के आणि व्हीआरसाठी ५०८० आहे पण तिलाही १६च जीबी, आणि ५०९० ला ३२ जीबी आहे, तिची किंमत आणि ५७५ वॉटची भूक बघता ती गरज म्हणून घेणारा माणूस फार क्वचित असेल. एनव्हिडिया की एएमडी, तर साध्या मॉनिटरवर रुपयाला जास्त काय मिळतंय ते बघा, व्हीआर करणार असाल तर मी एनव्हिडियाकडे झुकेन.

फ्रेम जनरेशनबद्दल थोडं बोललंच पाहिजे कारण सिममध्ये ते इतर गेम्सपेक्षा जास्त उपयोगी पडतं. प्रोसेसर सेकंदाला ४० चित्रं देतोय आणि कार्ड निवांत बसलंय, अशा वेळी कार्ड दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक अंदाजाचं चित्र तयार करून घालतं आणि डोळ्याला ८० दिसतात. मारामारीच्या ऑनलाइन गेममध्ये यातला थोडासा उशीर खटकतो, प्रवासी विमान उडवताना कळतही नाही. पण पाया मजबूत पाहिजे, २० खऱ्या चित्रांवरून ४० बनवली तर स्टिक जड आणि मागे राहिल्यासारखी वाटते. आणि अपस्केलिंग, म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र काढून ते मोठं करणं, फार आक्रमक ठेवलं तर कॉकपिटमधल्या स्क्रीनवरचे बदलणारे आकडे, म्हणजे उंची आणि वेगाचे, धूसर होतात, तेव्हा त्याची सेटिंग 'क्वालिटी'च्या खाली नेऊ नका. यासाठीच म्हणतो की फ्रेम जनरेशन आहे ना मग प्रोसेसर साधा चालेल, हा हिशोब करू नका.

रॅमबद्दल. एएम५ वर डीडीआर५च चालते. वेग ६००० आणि सीएल३० (हा उत्तर द्यायला लागणाऱ्या उशिराचा आकडा, कमी तेवढा चांगला) हे रायझनसाठी जमलेलं गणित आहे, त्याच्या वर पैसे टाकून हाताला फार काही लागत नाही, एक्स३डी वर तर अजिबातच नाही कारण कॅशेमुळे रॅमकडे जावंच कमी लागतं. किती जीबी? २०२४ च्या सिमची शिफारस ३२ आणि आदर्श ६४. मी ३२ ला सुरुवात म्हणेन, आणि डीसीएसमध्ये मोठ्या मल्टिप्लेअर मिशन करणारे किंवा एक्स-प्लेनमध्ये उपग्रहाच्या फोटोंची सीनरी भरपूर टाकणारे, त्यांनी ६४ चा विचार करावा. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरीची एवढी मागणी केली की रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले, तेव्हा घ्यायच्या दिवशीचा भाव बघूनच ठरवा, ६४ साठी प्रोसेसर खाली आणायची वेळ येत असेल तर ३२ वर समाधान माना. एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात घ्या, आत्ता १६ च्या दोन पट्ट्या लावू आणि पुढे आणखी दोन लावून ६४ करू, हा बेत डीडीआर४ च्या काळात चालायचा, एएम५ वर चार पट्ट्या लावल्या की एएमडीचा अधिकृत वेग ३६०० पर्यंत खाली येतो. ६४ कधीतरी हवीच आहे असं माहीत असेल तर ३२ च्या दोन पट्ट्या एकदमच घ्या.

एसएसडी, एनव्हीएमई, चौथ्या पिढीची, २ टीबी. संपलं. पाचव्या पिढीची महाग एसएसडी गरम होते आणि सिममध्ये फरक दिसत नाही. १ टीबीत काटकसर करू नका कारण डीसीएस सगळ्या नकाशांसकट शेकडो जीबी खातं आणि एक्स-प्लेनच्या फोटो सीनरीला तर अंतच नाही. मायक्रोसॉफ्टचं २०२४ चं सिम स्वतः ५० जीबीतच मावतं कारण जगाची माहिती ते उडता उडता इंटरनेटवरून घेतं, म्हणून तिथे एसएसडीइतकंच ब्रॉडबँड महत्त्वाचं, शिफारस ५० एमबीपीएसची आहे, आणि वायफायपेक्षा राउटरपासून लॅनची वायर ओढा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हे सिम चालवायच्या भानगडीत पडू नका, खाली डोंगरांच्या जागी मऊ ढेकळं दिसतात आणि डेटा संपतो तो वेगळाच.

मदरबोर्ड बी६५० किंवा बी८५० चा पुरतो, एक्स८७० चे पैसे सिमवाल्याला परत मिळत नाहीत. मी तीन गोष्टी बघतो. मागे यूएसबी पोर्ट किती, कारण योक (विमानाचं स्टीअरिंग) किंवा जॉयस्टिक, थ्रॉटल (इंजिनची ताकद बदलणारा दांडा), रडर पेडल (पायाने विमानाचं नाक वळवणारे), हेडट्रॅकर (डोकं वळवलं की सिममधली नजर वळवणारा), हेडसेट, कीबोर्ड, माऊस असं मोजत गेलं की सात तर इथेच झाले. एसएसडी बसवायचे एम.२ चे स्लॉट दोन तरी. आणि बायोस फ्लॅशबॅकचं बटण, कारण जुन्या बायोसचा बी६५० बोर्ड हातात आला तर त्यावर ९८००एक्स३डी सुरूच होत नाही आणि हे बटण असलं की प्रोसेसरशिवाय नुसत्या पेनड्राइव्हने बायोस अपडेट करता येतो. यूएसबी हब लावणार असाल तर स्वतःचा ॲडॅप्टर असलेला घ्या, आणि विंडोजमध्ये वीज वाचवायला यूएसबी झोपवण्याची जी सेटिंग असते ती बंद करा, नाहीतर लांबच्या उड्डाणात ऑटोपायलट तासभर चालू राहिला की थ्रॉटल झोपून जातं आणि उतरताना हात लावला तर प्रतिसादच नाही.

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. इथे आपल्याकडे सगळ्यात जास्त कंजुषी होते, दुकानदार कॅबिनेटबरोबर कुठलातरी एसएमपीएस चिकटवून देतो आणि आपण घेतो. नका घेऊ. ५०७० टीआयसाठी एनव्हिडिया ७५० वॉट सांगते, ५०८० साठी ८५०, मी ८५० चा चांगल्या कंपनीचा घेईन म्हणजे पुढे कार्ड बदललं तरी तोच चालेल. ८० प्लस गोल्ड हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, आतले पार्ट्स किती चांगले ते सांगत नाही, म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा, जे लोक सात-दहा वर्षांची देतात ते काहीतरी विश्वासावर देतात. नव्या एनव्हिडिया कार्डांचा सोळा पिनांचा कनेक्टर पूर्ण आत, शेवटपर्यंत दाबून बसवा, अर्धवट बसला की गरम होऊन वितळल्याची उदाहरणं आहेत, आणि केबल कनेक्टरच्या अगदी तोंडाशी वाकवू नका.

त्याला जोडूनच यूपीएस. महाराष्ट्रात शहरं सोडली तर लाइट जाणं रोजचंच आहे, आणि आठ तासांच्या उड्डाणाच्या सातव्या तासाला लाइट गेली तर जीव हळहळतो, एसएसडीवर लिहिणं चालू असताना गेली तर फाइल्स खराब होऊ शकतात. ऑफिसात वापरतात तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, आपला पीसी मॉनिटरसकट उडताना ४५०च्या पुढे सहज जाईल, म्हणजे लाइट गेली की यूपीएस लगेच मान टाकेल. एक केव्हीएच्या पुढचा बघा, वॉटचा आकडा वाचा, आणि जमलं तर प्युअर साइनवेव्हचा, कारण आजकालच्या एसएमपीएसना चौकोनी लहरींची वीज कधीकधी पचत नाही आणि ते बंद पडतात.

कॅबिनेट घेताना पुढची बाजू जाळीची घ्या. काचेचे तुकडे आणि रंगीबेरंगी दिवे असलेली कॅबिनेट फोटोत छान दिसतात, पण ज्यांच्या घरी मे महिन्यात बाहेर ४५ असतं, नागपूर, चंद्रपूर, जळगावकडची मंडळी, त्यांना हे सांगायला नकोच. खोलीचं तापमान १० ने वाढलं की आतल्या पार्ट्सचंही जवळपास तेवढंच वाढतं, कुठलाही पंखा किंवा पाण्याचा कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ९८००एक्स३डी बरोबर कूलर येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, दोन टॉवरचा हवेचा कूलर त्याला पुरेसा आहे, पाण्याच्या महागड्या कूलरची गरज नाही. पुढे धुळीची जाळी काढून धुता येईल अशी पाहिजे, आणि ती खरंच महिन्याला धुवा.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. आत्तापर्यंत जो पीसी झाला तो कीबोर्डने उडवणार असाल तर त्यातली अर्धी मजा गेली. बजेट ठरवताना कंट्रोल्सचे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढा, शेवटी उरतील त्यातून घेऊ म्हणणाऱ्यांकडे काहीही उरत नाही. काय घ्यायचं ते कुठलं विमान उडवणार यावर आहे. एअरबसमध्ये साइडस्टिक असते, सेसना आणि बोईंगमध्ये योक. इंडिगोसारखं ए३२० उडवायचं स्वप्न असेल तर जॉयस्टिकच खऱ्याच्या जवळची आणि ती स्वस्तही असते. घेताना हॉल सेन्सरची घ्या, त्यात चुंबकाने स्थिती मोजतात, एकमेकांवर घासणारं काही नसतं, त्यामुळे दोन वर्षांनी विमान आपोआप एका बाजूला कलायला लागत नाही. थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम यात मोडते, तिची दांडी फिरवून रडरही देता येतो, सुरुवातीला पेडल नसले तरी चालतं. योकमध्ये हनीकॉम्ब अल्फा चांगला आहे, खऱ्यासारखा पूर्ण १८० अंश फिरतो, स्वस्तातले योक एवढे फिरत नाहीत आणि मग बारीक हालचाल जमत नाही, धावपट्टीची सेंटरलाइन धरताना ते फार जाणवतं. कार्ड एक पायरी खालचं घेऊन जर चांगली स्टिक आणि थ्रॉटल येत असेल तर मी दहापैकी दहा वेळा तसंच करेन.

खरेदी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला अजूनही जाण्यात अर्थ आहे, तीन-चार दुकानांत एकच लिखित यादी दाखवा, प्रोसेसरपासून एसएमपीएसपर्यंत मॉडेलचं पूर्ण नाव लिहिलेली, 'सिमिलर' चालेल का असं विचारलं तर नाही म्हणा. ऑनलाइनचा भाव बघूनच जा. कच्चं बिल स्वस्त पडतं पण जीएसटीचं १८ टक्क्यांचं पक्कं बिलच घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, सर्व्हिस सेंटरला ग्राफिक्स कार्ड घेऊन गेल्यावर पहिलं तेच मागतात. अमेरिकेतून चुलतभाऊ कार्ड घेऊन येतोय असं असेल तर त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का हे आधी लेखी विचारा, बऱ्याच कंपन्यांची नाही चालत. प्रोसेसर आणायला मात्र हरकत नाही, तो क्वचितच बिघडतो आणि खिशात मावतो. आणि तिकडेच राहणाऱ्यांनी मायक्रो सेंटरमध्ये प्रोसेसर, बोर्ड आणि रॅमचं एकत्र बंडल बघावं, न्यूजर्सीत पॅटरसनला त्यांचं दुकान आहे, सुटं घेण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

असेंबल करताना घाबरण्यासारखं एकच, एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात आणि त्या केसासारख्या नाजूक असतात, प्रोसेसर सरळ वरून ठेवायचा, सरकवायचा नाही. बाकी सगळं एकाच पद्धतीने बसतं. पहिल्यांदा चालू झाल्यावर रॅम ओळखायला दोन-तीन मिनिटं, कधी जास्त, स्क्रीन काळी राहते, तेव्हा घाईने बटण दाबून बंद करू नका. मग बायोसमध्ये जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, ती बंद असते आणि ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहते, कित्येक जणांना हे वर्षभर माहीतच नसतं. विंडोज ११ टाका, १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.

आणि मग टेस्ट. मुंबईहून पुण्याला लोहगावला जाणारं छोटं उड्डाण करायचा मोह सगळ्यांनाच होतो, घाटावरून जाताना सुंदर दिसतं, जरूर करा, पण त्याने पीसीची परीक्षा होत नाही. परीक्षा घ्यायची तर सगळ्यात जड विमान घेऊन न्यूयॉर्क किंवा लंडनला दुपारच्या ट्रॅफिकमध्ये उतरा, तेही दोन तास उडून आल्यावर, आणि डेव्हलपर मोडचा चौकोन उघडा ठेवा. मेन थ्रेड लाल दिसला तर टेरेनचं लेव्हल ऑफ डिटेल (लांबची जमीन किती बारकाईने दाखवायची ते) आणि ट्रॅफिक कमी करा, जीपीयू लाल दिसला तर ढग आणि रिझोल्यूशन, व्हीरॅम भरली तर टेक्स्चर. ३५-४० एफपीएस न हलता मिळाले की थांबा आणि एफपीएसचा चौकोन बंद करून टाका. ही परीक्षा पार्ट्स परत घ्यायची मुदत संपायच्या आत उरका, म्हणजे एखादी रॅमची पट्टी किंवा एसएसडी सदोष निघालीच तर दुकानातूनच बदलून मिळेल.